जकातीचा धनी कोण?

दिवाळीच्या फराळाबरोबर जकातीवरचा लेख वाढणे म्हणजे लाडवांच्या ताटात हिशेबाची वही ठेवण्यासारखे आहे, हे मला समजते. परंतु लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण वह्यांचीच पूजा करतो. तेव्हा वाचक तेवढी सवलत मला देतील अशी आशा आहे. विषय अमेरिकेतला आहे, भांडण मात्र माझे आपल्याच मंडळींशी आहे.

२०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी भारतातून तिकडे जाणाऱ्या बहुतेक मालावर आधी २५ टक्के आणि वीस दिवसांनी आणखी २५ टक्के जकात बसवली. दुसरे पंचवीस कशाबद्दल, तर आपण रशियाचे तेल विकत घेतो म्हणून. पुढे २०२६ च्या फेब्रुवारीत बोलणी होऊन हा पन्नासाचा आकडा अठरावर आणण्याचे ठरले. आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की, ज्या कायद्याच्या आधाराने अध्यक्षांनी या जकाती बसवल्या, त्या कायद्याने त्यांना जकात बसवण्याचा अधिकार मुळी दिलेलाच नाही. म्हणजे पन्नासही गेले आणि अठराही गेले. ज्या लेखणीने जकात चढली तिनेच ती उतरवली होती; दोन्ही खेपांना काँग्रेसला, म्हणजे तिकडच्या कायदेमंडळाला, कोणी विचारले नव्हते.

या निकालावर आपल्याकडे काय बोलले गेले ते मी चहाच्या दुकानात, शिक्षकांच्या खोलीत आणि लग्नाच्या पंगतीत भरपूर ऐकले आहे. त्यात दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाला ट्रम्प मनापासून आवडतात; आपल्या मालावर जकात बसवली तरी आवडतात. "माणूस असावा तर असा! एक सही केली की साऱ्या जगाची दाणादाण. आमच्याकडे साधा रस्ता रुंद करायचा तर दहा वर्षे समित्या बसतात." अशा पुरुषाचे हात कोर्टाने बांधावेत याचे त्यांना मनस्वी वाईट वाटते. दुसरा पक्ष म्हणतो, "बरी जिरली! आपली कोळंबी सुटली, आपले टॉवेल सुटले." निकाल चांगला, कारण तो आपल्या सोयीचा.

मला हे दोन्ही पक्ष नापसंत आहेत, आणि दुसरा किंचित अधिक. पहिला निदान उघडपणे एकाधिकाराचा भक्त आहे. दुसऱ्याला मी एवढेच विचारतो: समजा, त्याच सहीने अध्यक्षांनी भारताची जकात शून्य केली असती आणि बांगलादेश व व्हिएतनाम यांच्यावर शंभर टक्के लादली असती. आपल्या कापडवाल्यांना सोन्याचे दिवस आले असते. मग तो हुकूम कायदेशीर झाला असता काय? माझे म्हणणे असे की तो तितकाच बेकायदा झाला असता. आणि त्या दिवशी तसे म्हणण्याची ज्याची तयारी नाही, त्याने आज टाळ्या वाजवू नयेत.

जकात म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गावाच्या वेशीवरचा जुना नाका येतो: आडवा बांबू, ट्रकांची रांग आणि पावती फाडणारा कारकून. आयातीवरची जकात तीच, फक्त वेशीच्या जागी बंदर. आता नाक्यावर पैसे कोण देतो? माल आत आणणारा. सोलापूरच्या टॉवेलांवर अमेरिकेने ५० टक्के जकात बसवली म्हणजे सोलापूरच्या कारखानदाराने वॉशिंग्टनला मनिऑर्डर केली असे नव्हे. पैसे भरले ते अमेरिकेतल्या आयातदाराने, अमेरिकेच्या बंदरात, अमेरिकेच्या तिजोरीत. त्यातले काही त्याने स्वतः सोसले, काही गिऱ्हाइकाकडून काढले, आणि उरलेले "भाव उतरवा, नाहीतर मागणी रद्द" असे कळवून आपल्या माणसाच्या गळ्यात घातले. आपले नुकसान खरेच झाले, ते मी नाकारत नाही. परंतु कायद्याच्या दृष्टीने हा अमेरिकन माणसावर अमेरिकन सरकारने बसवलेला कर आहे. हे एकदा ध्यानात आले की सारी परराष्ट्रनीती बाजूला पडते आणि एक फार जुना, घरगुती प्रश्न समोर येतो: माझ्या खिशात हात घालण्यापूर्वी मला कोणी विचारायचे?

किती जुना, तर काळ्या मनुक्यांइतका. लंडनमध्ये जॉन बेट नावाचा एक व्यापारी होता. तो भूमध्य समुद्राकडून मनुके आणी. राजा पहिला जेम्स याने पार्लमेंटला न विचारता मनुक्यांवर हंड्रेडवेटमागे पाच शिलिंग जादा जकात बसवली. बेट म्हणाला, देत नाही. खटला झाला, आणि १६०६ साली न्यायाधीशांनी राजाची बाजू उचलून धरली. त्यांचे म्हणणे असे पडले की, परदेशांशी व्यवहार हे राजाचे काम, बंदरे राजाची. तेव्हा बंदरातून काय आत यावे आणि काय देऊन यावे हे ठरवणारा राजाच. चारशे वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये सरकारी वकील जे बोलले ते याहून फार निराळे नव्हते.

जेम्सचा मुलगा पहिला चार्ल्स बापाच्या पुढे गेला. बापाने परराष्ट्रव्यवहार म्हटले होते, मुलाने संकट म्हटले. समुद्रावर चाचे माजले आहेत, राज्य धोक्यात आहे, जहाजांसाठी पैसे द्या, अशी आज्ञापत्रे १६३४ पासून निघाली. पहिल्याने किनाऱ्यावरच्या गावांना, आणि दुसऱ्या वर्षी ज्यांनी समुद्र डोळ्यांनी पाहिला नव्हता अशा आतल्या परगण्यांनाही. जॉन हॅम्पडेन या जमीनदाराने आपल्या वाट्याचे वीस शिलिंग द्यायचे नाकारले. वीस शिलिंग त्याला जड नव्हते. बारा न्यायाधीश बसले आणि सात विरुद्ध पाच मतांनी राजा जिंकला. राज्य संकटात आहे की नाही हे ठरवणारा एकटा राजा. तो संकट म्हणाला की संकट! १६४१ मध्ये पार्लमेंटने हा कर बेकायदा ठरवला, आणि १६४९ मध्ये चार्ल्सचे काय झाले ते शाळेतली मुलेही सांगतील. शेवटी १६८९ मध्ये कायद्याने लिहूनच ठेवले की पार्लमेंटच्या मंजुरीवाचून राजाने प्रजेकडून पैसा घेता कामा नये.

हा इतिहास गाठोड्यात बांधूनच ती मंडळी अमेरिकेत राहत होती. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात त्यांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या, हे आम्ही मास्तर लोक मुलांकडून घोकून घेतो. चहा ईस्ट इंडिया कंपनीचा. म्हणजे आपल्याही ओळखीच्या दुकानाचा. परंतु पाठ्यपुस्तकात एक गोष्ट बहुधा राहून जाते. त्या वर्षीच्या कायद्याने तो चहा महाग झाला नव्हता, स्वस्त झाला होता. कंपनीला इतर सवलती मिळाल्यामुळे, पौंडामागे तीन पेन्सांचा कर धरूनही तो पूर्वीपेक्षा कमी भावात पडणार होता. तरी त्यांनी तो बुडवला. आमचा दुसरा पक्ष त्या वेळी बोस्टनच्या धक्क्यावर असता तर म्हणाला असता, "अहो, स्वस्तात मिळतोय ना? मग कर कोणी बसवला याच्याशी तुम्हाला काय करायचे आहे?" त्यांना नेमके त्याच्याशीच करायचे होते.

आपल्यालाही हे समजायला जड जाऊ नये. १८९६ साली लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा जीव शांत व्हावा म्हणून मुंबईच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला, तो उठायला १९२५ चा डिसेंबर उजाडला. मुंबईत कोणाचे मत घेतले होते? साडेतीन टक्क्यांनी कोणी भिकेला लागले नसेल. पण विचारले नाही याचा सल तीस वर्षे राहिला.

तर ही अशी माणसे १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहायला बसली. काँग्रेसचे अधिकार त्यांनी पहिल्या प्रकरणाच्या आठव्या कलमात मोजून दिले, आणि त्या यादीत पहिला मान कर व जकात बसवण्याच्या अधिकाराला दिला. सैन्य उभारणे, नाणी पाडणे, टपाल चालवणे, सगळे त्याच्यामागून. शिवाय कराचे विधेयक आधी प्रतिनिधिगृहातच मांडले पाहिजे, म्हणजे ज्यांना दर दोन वर्षांनी मतदारांच्या दारात जावे लागते त्यांच्या सभेत. त्या काळी सरकारचा बहुतेक महसूल जकातीतूनच येई. तेव्हा जकात काँग्रेसच्या हाती देणे म्हणजे घराची तिजोरीच तिच्या हाती देणे. अध्यक्षाचा भाग एवढाच की विधेयकावर सही करावी किंवा ते परत पाठवावे.

मग ही किल्ली अध्यक्षाच्या कमरेला आली कशी? ती कोणी चोरली नाही. काँग्रेसने ती आपल्या हाताने दिली, हप्त्याहप्त्याने दिली, आणि या सगळ्या प्रकरणात मला कोणाची लाज वाटत असेल तर ती अध्यक्षांची नसून या काँग्रेसची वाटते.

आरंभ निरुपद्रवी होता. अध्यक्ष कूलिज यांनी बेरियम डायऑक्साइड नावाच्या रसायनावरची जकात पौंडामागे चार सेंटांवरून सहा सेंट केली. त्यावर खटला होऊन १९२८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माप काँग्रेसने ठरवून दिले असेल आणि अध्यक्ष त्या मापाने मोजत असेल तर हरकत नाही. हे ठीकच होते. वाण्याच्या गड्याने मालकाच्या तराजूने तोलले तर कोण तक्रार करील?

पुढे १९३० साली काँग्रेसने स्वतःच असा काही गोंधळ घातला की ज्याचे नाव ते! सेनेटर स्मूट आणि प्रतिनिधी हॉली यांच्या नावाचा तो जकातीचा कायदा. वीस हजारांहून अधिक वस्तूंची यादी. प्रत्येक सभासद आपापल्या मतदारसंघातल्या बटणवाल्याची आणि साखरवाल्याची चिठ्ठी घेऊन उभा. तू माझ्या बटणाला हात वर कर, मी तुझ्या साखरेला करतो. हजाराहून अधिक अर्थशास्त्रज्ञांनी अध्यक्ष हूव्हर यांना विनवले की सही करू नका. त्यांनी १७ जूनला सही केली. इतर देशांनी उलट जकाती बसवल्या आणि आधीच आजारी असलेला जगाचा व्यापार आणखी खंगला.

पहिला पक्ष हे उदाहरण माझ्या तोंडावर मारील, आणि मारावे. "पाहा तुमची काँग्रेस! एका माणसाने याहून वाईट काय केले असते?" कबूल, कायदा वाईटच होता. परंतु पुढे काय झाले तेही पाहावे. १९३२ साली स्मूट पडले, हॉली पडले, आणि हूव्हरही पडले. कोणाच्या नावाने ओरडायचे ते लोकांना ठाऊक होते, कारण मत देणाऱ्यांची नावे कागदावर होती. वाईट कायदा उघड्यावर झाला आणि त्याची शिक्षा उघड्यावर झाली.

पण काँग्रेसने यातून धडा कोणता घेतला? आपण नीट वागावे हा नव्हे. आपण हे कामच करू नये हा. १९३४ मध्ये तिने रूझवेल्ट यांना करार करून जकात निम्म्यापर्यंत खालीवर करण्याची मुभा दिली. १९६२ मध्ये राष्ट्राच्या संरक्षणाच्या नावाखाली चौकशी करून जकात बसवण्याचे कलम आले. लोखंड, ॲल्युमिनियम, मोटारी यांवरच्या अलीकडच्या जकाती त्याखालच्या आहेत, आणि त्यांना २०२६ च्या निकालाने हात लावलेला नाही. १९७१ च्या १५ ऑगस्टला निक्सन यांनी आणीबाणी पुकारून सरसकट १० टक्के जकात चढवली आणि डिसेंबरात काढली. त्यानंतर १९७४ च्या कायद्यात काँग्रेसने लिहिले की, परदेशी देण्याघेण्याचा तोल फार बिघडला तर अध्यक्षाने १५ टक्क्यांपर्यंत आणि १५० दिवसांपर्यंत जकात बसवावी. त्यापुढे काँग्रेसचा कायदा हवा. या प्रत्येक देण्याला दोरी होती: कुठे चौकशी, कुठे टक्के, कुठे दिवस.

आणि मग १९७७ चा तो कायदा, ज्यावरून एवढे महाभारत झाले: आंतरराष्ट्रीय आणीबाणीतील आर्थिक अधिकारांचा कायदा. मौज अशी की तो अध्यक्षांचे अधिकार आवरण्यासाठी केला होता. परदेशातून धोका उद्भवला तर आणीबाणी जाहीर करून अध्यक्षाने शत्रूची मालमत्ता गोठवावी, व्यवहार थांबवावेत. इराणमध्ये अमेरिकन ओलीस धरले गेले तेव्हा १९७९ मध्ये कार्टर यांनी तो प्रथम वापरला. त्यात अध्यक्षाने काय काय करावे याची क्रियापदांची लांबलचक माळ आहे: चौकशी करणे, रोखणे, मनाई करणे, भाग पाडणे, नियमन करणे. पुढे बऱ्याच शब्दांनी "आयात" हा शब्द येतो. "जकात" हा शब्द नाही, "कर" हा शब्द नाही. १९७७ पासून २०२५ पर्यंत कोणत्याही अध्यक्षाला त्यात जकात सापडली नव्हती. ट्रम्प यांच्या वकिलांना ती "नियमन" आणि "आयात" या दोन शब्दांच्या मध्ये सापडली.

मी कायदा शिकलेलो नाही. वर्गात शब्दांचे अर्थ सांगतो. शाळेच्या फाटकावर मुलांच्या येण्याजाण्याचे नियमन करण्याचे काम शिपायाकडे असते. तो उशिरा आलेल्याला थांबवील, घंटेपूर्वी कोणाला बाहेर सोडणार नाही, एखादे दिवशी फाटकच बंद ठेवील. पण "नियमन माझ्याकडे आहे" म्हणून त्याने दर मुलामागे पाच रुपये घ्यायला सुरुवात केली तर मुख्याध्यापक त्याला शब्दकोश दाखवत बसणार नाहीत. "शिपाई फाटक अजिबात बंद ठेवू शकतो, मग पाच रुपये तर त्याहून सौम्य नव्हेत काय?" असा युक्तिवाद सरकारी वकिलांनी केला. सौम्य असतील, पण ते पाच रुपये कोणाच्या खिशात जातात? बंदी घातली तर सरकारला दमडी मिळत नाही. कर घेतला तर मिळते, आणि मिळते म्हणूनच तो चालू ठेवावासा वाटतो. सहलीची वर्गणी ठरवणारा आणि सहलीचा खर्च करणारा मास्तर एकच असू नये, हे आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलांनाही समजते.

दिलेली किल्ली परत घ्यायची म्हटले तर? ही कथा आणखी गमतीची आहे. मूळ कायद्यात सोय होती की काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की आणीबाणी संपली. परंतु १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने असले ठराव घटनेत बसत नाहीत असे ठरवले. तो खटला ज्याच्या नावाने ओळखला जातो तो जगदीश राय चढ्ढा हा केनियात जन्मलेला भारतीय वंशाचा विद्यार्थी होता. परवान्याची मुदत संपली म्हणून त्याला देशाबाहेर घालवण्याचा तो तंटा, जकातीशी त्याचा सुतराम संबंध नव्हता. पण परिणाम असा झाला की आता आणीबाणी संपवण्याच्या ठरावालाही अध्यक्षाची सही लागते, आणि त्याने नकार दिला तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते. द्यायला अर्ध्याहून एक अधिक, परत घ्यायला तिनातले दोन! असा उसना व्यवहार आपल्या गल्लीतला किराणावालाही करणार नाही.

तरीही कायद्यात एक फट शिल्लक होती. कोणीही सभासदाने आणीबाणी संपवण्याचा ठराव मांडला तर ठरावीक दिवसांत तो मतदानाला घ्यावाच लागतो. निदान कोण कुठे उभा आहे ते तरी लोकांना दिसावे. २०२५ च्या मार्च महिन्यात प्रतिनिधिगृहातल्या बहुमतवाल्यांनी यावर जो उपाय शोधला तो वाचून मी थक्क झालो. त्यांनी नियम केला की, ट्रम्प यांच्या त्या आणीबाणीपुरते, अधिवेशनाचे उरलेले दिवस हे दिवस म्हणून मोजायचे नाहीत. सूर्य उगवेल, मावळेल, कॅलेंडरचे पान फाटेल, सभासदांचा भत्ता पडेल. पण दिवस होणार नाही. आमच्या शाळेत एखाद्या मुलाने गैरहजेरीच्या चिठ्ठीत असे लिहिले असते तर त्याला पालकांना घेऊन यायला सांगितले असते. सेनेटने ऑक्टोबरात जकातींविरुद्ध ठराव मंजूर केले, तर त्या वर्षी प्रतिनिधिगृहाच्या दारातून ते आत येऊ शकले नाहीत. मतदानापासून पळण्यासाठी कालगणनाच थांबवणाऱ्या या सभेने पुढे कोर्टाला "आमचे अधिकार वाचवा" म्हणण्याचे तोंड तरी ठेवले काय?

आणीबाणी हा शब्द आपल्याला नवा नाही. १९७५ च्या जूनपासून एकवीस महिने तो आपण भोगला आहे, आणि तो एका माणसाच्या जिभेवर ठेवला म्हणजे काय होते ते ज्यांच्या घरातले कोणी आत गेले होते त्यांना विचारावे. अमेरिकेत माणसे तुरुंगात गेली नाहीत. पण शब्दाची तब्येत तिथेही तशीच फोफावली. २ एप्रिल २०२५ रोजी जगाशी असलेली व्यापारी तूट, जी कित्येक दशके चालत आलेली आहे, ती आणीबाणी ठरली. त्या दिवशीच्या यादीत हर्ड आणि मॅकडोनाल्ड नावाच्या बेटांवरही १० टक्के जकात होती. तिथे माणसे नाहीत, पेंग्विन आहेत. जुलैत ब्राझीलवर ४० टक्के जादा, कारण तिथे माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावर खटला चालू होता. वास्तविक ब्राझीलशी अमेरिकेच्या व्यापारात तूट नव्हतीच, शिलकीचा हिशेब होता. ऑक्टोबरात कॅनडाच्या एका प्रांताने दूरदर्शनवर जकातीविरुद्ध जाहिरात दाखवली आणि त्यात रेगन यांचे जुने भाषण वापरले, म्हणून संतापून कॅनडावर आणखी १० टक्क्यांची घोषणा. चार्ल्स राजाला निदान चाच्यांचे नाव तरी घ्यावे लागले होते!

या सर्वांविरुद्ध कोर्टात गेले कोण? मोठमोठ्या कंपन्यांच्या आधी पुढे आली ती लहान माणसे. न्यूयॉर्कचा एक मद्याचा आयातदार, व्ही. ओ. एस. सिलेक्शन्स, आणि इलिनॉयमधली मुलांची शैक्षणिक खेळणी बनवणारी लर्निंग रिसोर्सेस. मला या दुसऱ्या नावाचे विशेष कौतुक वाटते. मोजणीचे मणी आणि अक्षरांचे ठोकळे विकणाऱ्यांनी जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला क्रियापदाचा अर्थ विचारला. २८ मे २०२५ ला व्यापार न्यायालयाच्या तिन्ही न्यायाधीशांनी एकमुखाने अध्यक्षांविरुद्ध निकाल दिला, २९ ऑगस्टला अपील न्यायालयाने सात विरुद्ध चार मतांनी तोच कौल दिला, ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाले. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकाल लिहिला. त्यांच्याबरोबरच्या पाच जणांत गॉर्सच आणि बॅरेट हे दोघे ट्रम्प यांनीच नेमलेले होते. "विरोधकांच्या न्यायाधीशांनी घात केला" असे म्हणायलाही जागा राहिली नाही. तरी म्हणणारे म्हणतातच.

आता पहिल्या पक्षाचा एकच गंभीर आक्षेप उरतो, आणि तो मी टाळत नाही. संकट खरेच येते, आणि चारशे पस्तीस प्रतिनिधींची सभा वाद घालत बसली तर वेळ जातो. खरे आहे. पण याला तोड आपल्याच कायद्यात आहे. आपल्या घटनेचे २६५ वे कलम सांगते की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. आणि १९७५ च्या सीमाशुल्काच्या कायद्यात, तातडीची गरज पडली तर सरकारने जकात वाढवावी व ती संसदेपुढे मंजुरीसाठी ठेवावी, असे कलम आहे. पुलवामाच्या हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी, १६ फेब्रुवारी २०१९ रोजी, सरकारने याच कलमाखाली पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के जकात बसवली. सहीला वेळ लागला काय? मात्र अधिसूचना प्रसिद्ध झाली रात्री पावणेनऊच्या सुमारास, आणि अटारीच्या नाक्यावर त्या दिवशी सकाळ-दुपारी कागद दाखल केलेल्या व्यापाऱ्यांकडूनही जकात खात्याने २०० टक्के मागितले. त्या दिवसांत पाकिस्तानी मालाची बाजू घेऊन उभे राहणे किती लोकप्रिय होते ते सांगायला नको. २०२० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घड्याळ पाहिले आणि सांगितले, पावणेनऊच्या आधीच्यांना जुनाच दर. देशप्रेम कोणाचे कमी झाले नाही, आणि व्यापाऱ्याचे पैसे वाचले. (आपल्या संसदेत अशी मंजुरी पक्षादेशाच्या जोरावर कशी चुटकीसरशी मिळते हे मला ठाऊक आहे. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल, आणि त्यात मी इतका सौम्य राहणार नाही.)

"मग कोर्टाने मिळवले काय?" असे एका स्नेह्यांनी मला विचारले. कारण निकालाच्या त्याच दिवशी ट्रम्प यांनी १९७४ च्या त्या जुन्या कलमाखाली साऱ्या जगावर १० टक्के जकातीचा नवा हुकूम काढला. स्नेह्यांचा सूर असा की, पुढच्या दाराने हाकलले तर गडी मागच्या दाराने आला.

आला खरा, पण कसा आला ते पाहा. या कलमात आकडा आहे: १५ टक्क्यांच्या वर जाता येत नाही; भारताचे पन्नास किंवा चीनचे १४५ त्यात मावत नाहीत. मुदत आहे: १५० दिवस, आणि पुढे चालवायचे तर काँग्रेसच्या सभासदांनी उभे राहून मत द्यायचे, म्हणजे स्मूट आणि हॉली यांच्यासारखी त्यांचीही नावे कागदावर यायची. आणि त्या कलमाचा सर्वसाधारण दंडक असा आहे की जकात सर्व देशांना सारखी असावी. बोल्सोनारोचा राग ब्राझीलवर, तेलाचा राग भारतावर आणि जाहिरातीचा राग कॅनडावर काढायला त्यात जागा ठेवलेली नाही.